आधी मालक बघा, मग माल

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात सोनं गहाण ठेवायचं तर सराफ आहे, बँक आहे, पतसंस्था आहे. मोबाइल गहाण ठेवायला निघालेल्याला मात्र कुणी दारात उभं करत नाही. मेक्सिकोत 1775 साली सुरू झालेली मोंते दे पिएदाद ही धर्मादाय गहाणसंस्था आजही दागिन्यांबरोबर इलेक्ट्रॉनिक वस्तू तारण घेते. अमेरिकेतल्या गहाणाच्या दुकानांत तर कर्जदारांनी न सोडवलेले टीव्ही, कॅमेरे, लॅपटॉप फळीवर विकायला मांडलेले असतात. आपल्याकडचा सावकार या भानगडीत पडत नाही, कारण त्याचा हिशेब पक्का आहे. तारण वस्तूचा भाव ती सोडवून नेईपर्यंत टिकला पाहिजे. सोन्याचा टिकतो, पितळेच्या घागरीचाही टिकायचा. मोबाइलचा भाव महिन्या-महिन्याला उतरतो आणि त्याच कंपनीचं नवं मॉडेल आलं की आणखी आपटतो.

तरीही कुठेतरी कुणीतरी 'मोबाइल ठेव, दोन हजार घेऊन जा, महिन्याला दहा टक्के' असा व्यवहार करतोच. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवाना नसताना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानाधारक सावकारालाही व्याजाची मर्यादा आहे: तारण कर्जावर शेतकऱ्याला वर्षाला 9 टक्के, इतरांना 15 टक्के. महिन्याला दहा म्हणजे वर्षाला 120. या व्यवहारात अडकलेला फोन 'सोडवला नाही म्हणून विकतोय' असं सांगत कुणी स्वस्तात देऊ केला, तर त्यापासून लांब राहिलेलं बरं. मूळ मालक उद्या पोलिसांत गेला की 'मी विकलाच नव्हता' म्हणायला मोकळा असतो, आणि फोन ज्याच्या खिशात त्याच्यामागे चौकशी लागते.

मग गरजेपोटी विकलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू जाते कुठे? मोबाइलच्या दुकानात. गहाणाच्या दुकानाचं अर्धं काम गावोगावचे मोबाइल रिपेअरिंगवाले करतात, फक्त तिथं वस्तू सोडवून न्यायची सोय नसते. जूनमध्ये बियाणं आणि खताला पैसा लागतो, तेव्हा फोन विकायला येतो. दिवाळीच्या सुमाराला कापसाचा पैसा हातात आला की नवा घेताना जुना एक्स्चेंजमध्ये जातो. तिसरा आणि सगळ्यांत फसवा प्रवाह म्हणजे हप्त्यावर घेतलेला, दोन-तीन हप्ते भरून विकायला काढलेला फोन. काचेच्या कपाटात हे तिन्ही शेजारी शेजारी मांडलेले असतात, सारखेच पुसलेले, सारखंच कव्हर चढवलेले. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे विचारण्याआधी गिऱ्हाइकानं विचारायचा प्रश्न एकच: हा इथं आला कुठून?

'बिल कायले पाह्यजे भाऊ, पीस एकदम ओके हाये,' हे उत्तर पुरेसं नाही. 'घरचाच हाये, आपल्याच पोट्ट्याचा,' हेही नाही. घरच्याच पोट्ट्याचा असेल तर त्याला तिथल्या तिथे फोन लावायला काय हरकत आहे? बिल आणि डबा दोन्ही असले तर उत्तम. डबा एकटा पुरत नाही, कारण रिकामे डबेही बाजारात मिळतात. बिलावरचं नाव विकणाऱ्याचं आहे का, डब्यावरचा क्रमांक फोनमधल्या क्रमांकाशी जुळतो का, एवढं तरी काउंटरवर बघता येतं.

हा क्रमांक म्हणजे आयएमईआय, फोनची 15 अंकी ओळख. डायलरवर स्टार-हॅश-06-हॅश दाबलं की तो पडद्यावर येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक येतात. भारतात हा क्रमांक नसलेल्या फोनची सेवा 2009 च्या नोव्हेंबरअखेर बंद करण्यात आली. त्याआधी स्वस्त आयात फोनांत तो अनेकदा नसायचाच. चोरीचे फोन या क्रमांकावरून अडवण्याची सरकारी यंत्रणा म्हणजे सीईआयआर. तिचा पहिला प्रयोग महाराष्ट्रातच झाला, सप्टेंबर 2019 मध्ये. मे 2023 मध्ये ती संचार साथी पोर्टलच्या रूपानं देशभर खुली झाली. ज्याचा फोन हरवला किंवा चोरीला गेला तो पोलिसांत तक्रार देऊन पोर्टलवर क्रमांक बंद करायला लावतो. पुढे त्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की त्याचा माग लागतो. पोलीस ठाण्यांत हरवलेले फोन मालकांना परत देण्याचे कार्यक्रम अलीकडे होतात, त्यातले बरेच फोन या यंत्रणेमुळेच सापडलेले असतात.

समजा, यवतमाळच्या बसमध्ये खिशातून गेलेला फोन दोन हात फिरून घाटंजीत कुणी साडेतीन हजारांत घेतला. नव्या मालकानं आपलं सिम घातलं त्याच दिवशी त्याचा नंबर तपास करणाऱ्यांना दिसू शकतो. फोन जप्त होतो. साडेतीन हजार परत मिळवायचे तर विकणाऱ्याच्या मागे फिरावं लागतं. शिवाय चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला जागा असताना, तो घेतला असं दिसलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. 15 हजारांचा फोन साडेतीन हजारांत बिलाशिवाय मिळत असेल, तर 'मला काय ठाऊक' हे म्हणणं पटवून देणं अवघड जातं.

तपासणी फुकट आहे आणि मिनिटभरात होते. आपल्या मोबाइलवरून इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहायचं, एक जागा सोडायची, पुढे 15 अंक लिहायचे आणि 14422 वर मेसेज पाठवायचा. हेच काम संचार साथी ॲपवरही होतं. उत्तरात त्या क्रमांकाची कंपनी आणि मॉडेल येतं. हातात एक फोन आणि उत्तरात दुसराच, असं निघालं तर क्रमांक बदललेला आहे. काळ्या यादीत किंवा डुप्लिकेट असा शेरा आला तर दुकानातून बाहेर पडायचं, घासाघीस करायची नाही. डुप्लिकेटची भानगड किती मोठी असू शकते याचं उदाहरण मेरठचं आहे. 2020 मध्ये तिथल्या पोलिसांना एकाच आयएमईआयवर 13 हजारांहून अधिक फोन चालताना आढळले होते. 2023 च्या दूरसंचार कायद्यानं हा क्रमांक बदलणं हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हींचा गुन्हा ठरवला आहे. पाच-सातशे रुपयांत 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणणाऱ्याला हे बहुधा माहीत नसतं, किंवा चांगलंच माहीत असतं.

चोरीपेक्षाही गावाकडे जास्त गाठ पडते ती हप्त्याच्या फोनशी. विकणारा चोर नसतो, बिल त्याच्याच नावाचं असतं, डबाही असतो, आणि क्रमांक तपासला तर स्वच्छ निघतो. पण कर्ज फिटलेलं नसतं. अनेक फायनान्स कंपन्या हप्त्याच्या फोनमध्ये कुलूप घालणारं ॲप टाकतात. हप्ता चुकला की पडदा बंद होतो आणि फक्त 'हप्ता भरा' असा संदेश दिसतो. फोन घेणाऱ्यानं पूर्ण पैसे मोजलेले असतात, विकणारा पुण्याला कामाला निघून गेलेला असतो, आणि दीड महिन्यानं ऐन सोयाबीन काढणीच्या दिवसांत फोन गप्प होतो. बिलावर फायनान्स कंपनीचं नाव असेल तर हप्ते फिटल्याचं पत्र मागावं. पत्र नसेल तर सेटिंग्जमध्ये सुरक्षा विभागात 'डिव्हाइस ॲडमिन' नावाची यादी असते, ती उघडावी. तिथं फायनान्सचं ॲप चालू दिसलं आणि ते बंद करता येत नसलं, तर फोन अजून कंपनीच्या ताब्यात आहे असं समजायचं. काही फोनांत हे कुलूप रीसेट केल्यावरच उघडं पडतं. म्हणून पुढची पायरी टाळायची नाही.

ती पायरी अशी: विकणाऱ्यानं आपल्यासमोर स्वतःचं गूगल खातं फोनमधून काढायचं, मग सेटिंग्जमधूनच फोन पूर्ण रीसेट करायचा. त्यानंतर आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट देऊन, आपलं गूगल खातं घालून तो पहिल्यापासून सुरू करायचा. सुरू होताना जुन्या मालकाचं खातं किंवा पासवर्ड मागितला, तर व्यवहार तिथंच थांबला. अँड्रॉइडमध्ये हे संरक्षण 5.1 या आवृत्तीपासून आहे. आयफोनमध्ये ॲक्टिव्हेशन लॉक आहे, आणि ते जुन्या मालकाच्या ॲपल खात्याशिवाय सहसा निघत नाही. 'नंतर काढून देतो, माणूस बाहेरगावी हाये' हे ऐकून पैसे मोजणारे बरेच असतात. या सगळ्याला अर्धा तास लागतो. काउंटरवर गर्दी असेल तर दुकानदार कुरकुर करेल, म्हणून दुपारी जावं.

एवढं झालं की मग फोन हातात घेऊन बघायचा. पडद्याला दुकानांत 'कॉम्बो' म्हणतात. काच आणि डिस्प्ले एकत्र असतात, म्हणून काच तडकली की बहुतेक वेळा दोन्ही बदलावे लागतात. कॉम्बो बदललेला असेल तर ते लपवण्यासारखं नाही, पण भावात दिसलं पाहिजे. स्वस्त कॉम्बोचे रंग फिके असतात, कडेला उजेड सांडतो, आणि एखादं ॲप एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ओढत नेलं की मध्येच सुटतं. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून बघितलं की डाग आणि रेघा दिसतात. आयफोनमध्ये बदललेले सुटे भाग सेटिंग्जमध्येच नोंदलेले असतात, 'अबाउट' मध्ये गेलं की कळतं.

पावसाळ्यात आणि त्यानंतर विकायला आलेल्या फोनचा सिमचा कप्पा बाहेर काढून मोबाइलच्या उजेडात आत डोकवावं. बऱ्याच कंपन्या आत एक पांढरा ठिपका लावतात, पाणी लागलं की तो लाल होतो. वावरात ओल्या खिशात राहिलेला फोन बाहेरून चकाचक असतो, आणि दोन महिन्यांनी त्याचा चार्जिंग जॅक जातो, मग माइक जातो. फोन कानाला लावून एक खरा कॉल करावा, आपल्याच सिमवरून. दोन्ही सिमचे कप्पे, स्पीकर, पुढचा-मागचा कॅमेरा, बोटाचा ठसा, चार्जर, ब्लूटूथ, सगळं चालवून बघावं. दुकानात नेटवर्क भरपूर असतं, म्हणून एकदा रस्त्यावर येऊनही. जिओला 2जी-3जी नाही, म्हणजे 4जीवरून कॉल करण्याची सोय (व्होल्टी) नसलेला जुना फोन त्या सिमवर मुकाच राहणार. 5जी लिहिलेल्या जुन्या फोनात आपल्या कंपनीचं 5जी चालतं का, हे कपाटावरच्या स्टिकरवर विसंबून ठरवू नये.

बॅटरी हा विदर्भातला खास प्रश्न. ॲपल स्वतः सांगते की आयफोन 0 ते 35 अंश तापमानात वापरावा. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा 43-44 पर्यंत जाणं ही बातमीही होत नाही. टिनाच्या छपराखाली चार्जिंगला लावलेला किंवा मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात अडकवलेला फोन इथं दोन उन्हाळ्यांत म्हातारा होतो. आयफोनमध्ये बॅटरीची क्षमता टक्क्यांत दिसते. आयफोन 14 आणि त्याआधीच्या मॉडेलांच्या बॅटऱ्या 500 वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही 80 टक्के क्षमता राखतील असं कंपनी सांगते, 15 पासून हा आकडा 1000 आहे. 80 च्या खालचा आकडा दिसला तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करायचा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत असा आकडा दिसत नाही. तिथं साधा उपाय असा की फोन पूर्ण चार्ज करून, पडद्याचा उजेड वाढवून अर्धा तास यूट्यूब लावायचं. दहा टक्क्यांच्या आसपास उतरली तर ठीक, 20-25 उतरली तर बॅटरी संपलेली आहे. मागचं झाकण किंचित फुगलेलं असेल तर फोन हातातही घेऊ नये. फुगलेली लिथियम बॅटरी पेटू शकते.

आणखी एक गोष्ट अनेकजण विसरतात: फोनचं सॉफ्टवेअर अजून जिवंत आहे का? सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर बँकेचं ॲप चालवणं जोखमीचं आहे. ॲपवालेही हळूहळू जुन्या फोनांकडे पाठ फिरवतात. व्हॉट्सॲपनं 2025 च्या जानेवारीपासून अँड्रॉइड 4.4 वर चालणं बंद केलं, आता निदान 5.0 लागतं. फक्त बोलायला आणि टॉर्चला फोन हवा असेल तर साधा नवा कीपॅडचा फोन यापेक्षा शहाणपणाचा.

भावाचा हिशेब एका ओळीत बसतो. मागितलेली किंमत, त्यात बॅटरी, त्यात लागलाच तर कॉम्बो, आणि ही बेरीज त्याच मॉडेलच्या किंवा त्याच तोडीच्या नव्या फोनच्या दोन-तृतीयांश भावापेक्षा वर गेली तर नवा घ्यावा. नव्यावर वर्षभराची वॉरंटी असते, तिचीही किंमत आहे. जुना फोन वॉरंटीत आहे असं सांगितलं जातं तेव्हा मुदत मूळ बिलाच्या तारखेपासून मोजायची असते, दुकानदाराच्या तोंडी तारखेपासून नव्हे.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी, आणि तिच्यात जास्त पैसे अडकतात. स्पर्धा परीक्षेची पोरं, सेवा केंद्र चालवणारे, कॉलेजचे विद्यार्थी यांच्यासाठी जुना लॅपटॉप ही खरोखर चांगली खरेदी ठरू शकते, कारण त्याचा पुरवठा गरजेतून होत नाही. मुंबई-पुणे-बंगळुरूच्या कंपन्या तीन-चार वर्षांचे डेल लॅटिट्यूड, लेनोव्हो थिंकपॅड, एचपी एलिटबुक ठोकानं काढून टाकतात. ते दिल्लीच्या नेहरू प्लेस, बंगळुरूच्या एसपी रोड किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या व्यापाऱ्यांकडून साफसूफ होऊन नागपूर, यवतमाळपर्यंत पोचतात. कंपनीचा लॅपटॉप घरगुतीपेक्षा दणकट असतो आणि त्याचे सुटे भाग मिळतात.

पण इथं एक तारीख लक्षात ठेवायची: 14 ऑक्टोबर 2025. त्या दिवशी विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव सोय ऑक्टोबर 2026 पर्यंतच आहे. विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप. म्हणूनच कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं मोठ्या संख्येनं बाहेर काढली आणि ती बाजारात भलत्याच स्वस्तात दिसू लागली. पिढी ओळखणं सोपं आहे. आय5 च्या पुढे 6300 असेल तर सहावी, 8250 असेल तर आठवी, 10210 असेल तर दहावी. 'आय7 आहे' एवढ्यानं हुरळून जाऊ नये, सहाव्या पिढीच्या आय7 पेक्षा आठव्या पिढीचा आय5 घेतलेला बरा. जुन्या यंत्रावर कुणी वळसा घालून विंडोज 11 बसवून दिलं असेल तर ते आज चालेल, उद्याच्या अपडेटची हमी कंपनी देत नाही. लिनक्स शिकायची तयारी असेल तर मात्र ही सातव्या पिढीची स्वस्त यंत्रं अजून चार-पाच वर्षं सहज काम देतील.

लॅपटॉपलाही मालकाची कुलपं असतात. सुरू होताना एफ2 किंवा एफ10 दाबून बायोसमध्ये जाता येतं का, पासवर्ड मागतो का, हे बघावं. मग इंटरनेट जोडून विंडोज पूर्ण रीसेट करावं. काही कंपन्यांची यंत्रं रीसेटनंतर इंटरनेट मिळालं की पुन्हा त्या कंपनीचं नाव दाखवून तिथल्या कर्मचाऱ्याचा ईमेल मागतात. दुकानदारानं इंटरनेटशिवाय विंडोज बसवून दाखवलं असेल तर हे झाकलेलं राहतं. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट लिहिलं की एक पान तयार होतं. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर भारनियमनाच्या दिवसांत तो लॅपटॉप म्हणजे तारेनं बांधलेला डेस्कटॉपच. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आहे ना, रॅम किमान 8 जीबी आहे ना, बिजागरी ढिली नाही ना, प्रत्येक कळ चालते ना, एवढं बघितलं की बहुतेक काम झालं.

टीव्हीबद्दल थोडक्यात. एलईडी टीव्हीचा जीव पॅनेलमध्ये. आडवी-उभी रेघ दिसली की सौदा सोडावा, कारण पॅनेल बदलण्याचा खर्च बहुधा टीव्हीच्याच भावाला जाऊन भिडतो. बॅकलाइट किंवा पॉवर बोर्ड गेलेला असेल तर दुरुस्ती परवडते. पावसाच्या तोंडावर विजा कडाडताना डिशच्या वायरीतून करंट येऊन उडालेले बोर्ड आपल्या भागात नेहमीचे, तेव्हा बोर्ड बदलला आहे का, हे विचारायला संकोच नको. जुना स्मार्ट टीव्ही 'स्मार्ट' म्हणून जास्त पैसे देऊन घेऊ नये, त्यातली ॲप लवकर बंद पडतात. फ्रिज घेतला तर वाहतुकीत आडवा झाला असल्यास काही तास उभा ठेवूनच सुरू करावा आणि गावातल्या कमी-जास्त दाबाच्या विजेसाठी स्टॅबिलायझर लावावा. इन्व्हर्टर घ्यायला हरकत नाही, त्याची जुनी बॅटरी मात्र कधीच नाही.

घाटंजीहून यवतमाळ सुमारे 40 किलोमीटर. तिथं किंवा नागपूरच्या सीताबर्डीत निवड जास्त, भाव थोडा कमी. पण बिघडलेला लॅपटॉप घेऊन पुन्हा तिकडे जायचं म्हणजे मजुरी बुडते आणि भाडं लागतं. हजार-पाचशेच्या फरकासाठी गावातला ओळखीचा दुकानदार सोडण्यात शहाणपण नाही. त्याला उद्याही याच रस्त्यावर दुकान उघडायचं असतं. ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या ॲपवर तर फक्त समोरासमोर भेटून व्यवहार करावा. 'लष्करात आहे, बदली झाली, कुरिअरनं पाठवतो, आधी थोडे पैसे टाका' ही कहाणी देशभर अगणित जणांना विकली गेली आहे. विकणाऱ्यांनाही एक सापळा असतो: 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.' पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर कळवावं, पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

पावती घ्यायची म्हणजे साध्या कागदावर का होईना, पण त्यात तारीख, रक्कम, मॉडेल, आयएमईआय किंवा सिरियल क्रमांक, विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि सही असावी. खासगी माणसाकडून घेताना त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि रोखीऐवजी यूपीआयनं पैसे. 'पक्कं बिल दिलं तर 18 टक्के वाढतील' हे कारण जुन्या मालाला तसं लागू पडत नाही. जुन्या वस्तूंच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यानं खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसेल तर जीएसटी फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. सहा हजारांत घेतलेला फोन सात हजारांत विकला तर कर हजारावरचा, सात हजारांवरचा नाही.

हे बिलच पुढे उपयोगी पडतं. दुकानातून घेतलेली जुनी वस्तूही ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर नाही. शेजाऱ्यानं विकलेल्या फोनबाबत मात्र या कायद्याचा आधार मिळत नाही, कारण तो व्यापारी नव्हे. तक्रारीची सुरुवात 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतही करता येते. तिथं नाही जमलं तर यवतमाळला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आयोगापुढे 'दुकानदार म्हणाला होता' यापेक्षा 'सात दिवसांत बिघडल्यास बदलून देऊ' अशी बिलामागे दुकानदारानं लिहिलेली ओळ कितीतरी जड पडते. ती लिहून घ्यायला मागे हटू नये. नाही म्हणणारा दुकानदार आपल्या मालाबद्दल बरंच काही सांगून जातो.

आणि जो आज घेतो तोच दोन वर्षांनी विकायला काउंटरवर येतो. तेव्हा फोनमधला आधार कार्डाचा फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ, बायकोचे-पोरांचे फोटो दुकानदाराच्या हाती जाऊ नयेत म्हणून आधी सगळं आपल्या गूगल खात्यात किंवा घरच्या लॅपटॉपवर उतरवून घ्यावं. यूपीआय ॲपमधून बाहेर पडावं, व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू करावं, मेमरी कार्ड आणि सिम काढून खिशात ठेवावं, गूगल खातं काढावं आणि मगच रीसेट करावं. विकल्याची पावती आपणही ठेवावी, घेणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेसह. तो फोन पुढे कुठल्या कॉलसाठी वापरला गेला आणि पोलीस आयएमईआय धरून जुन्या मालकाच्या दारात आले, तर दाखवायला तोच कागद लागतो.